रात्रीचे विचार : धृतराष्ट्र, नाना फडणीस आणि विनोबा

विदुरनीती आपण बहुधा सुभाषितांची पोतडी म्हणून वाचतो. मूर्ख कोणास म्हणावे, पंडिताची लक्षणे कोणती, राजाने कोणाशी मसलत करू नये, असे श्लोक तिच्यातून वेचून काढले जातात आणि संस्कृतच्या प्रश्नपत्रिकेत भाषांतरासाठी येतात. या वेचणीत मूळ प्रसंग हरवतो. उद्योगपर्वातल्या त्या उपपर्वाचे नाव ‘प्रजागर’ असे आहे आणि प्रजागर म्हणजे झोप न लागणे. पांडवांकडून परतलेला संजय रात्री धृतराष्ट्राला भेटतो, त्याची निर्भर्त्सना करतो आणि युधिष्ठिराचा निरोप उद्या सभेतच सांगेन असे म्हणून घरी निघून जातो. निरोप काय असेल या विचाराने म्हाताऱ्या राजाचा डोळ्याला डोळा लागत नाही, अंगाची आग होते. अखेर द्वारपालाला पाठवून तो विदुराला बोलावून घेतो आणि म्हणतो, मला झोप येत नाही, काहीतरी बोल. विदुरनीतीचे आठ अध्याय सांगितले गेले ते एका माणसाची रात्र सरत नव्हती म्हणून.

विदुराचे पहिलेच बोलणे निदानाचे आहे. बलवानाने ज्याच्यावर चाल केली आहे असा साधनहीन दुबळा, ज्याचे सर्वस्व गेले आहे तो, कामी पुरुष आणि चोर, एवढ्यांना झोप येत नाही, असे तो सांगतो. मग विचारतो : महाराज, यांपैकी एखादा मोठा दोष तुम्हांला तर शिवला नाही ना? परक्याच्या धनाचा लोभ धरून तर तुम्ही जळत नाही ना? ‘निद्रानाश’ हा शब्द आज ज्या अर्थाने आपल्या तोंडी आहे त्या अर्थाशी हा प्रश्न ताडून पाहावा. विदुर अंथरुणाची चौकशी करीत नाही, पोटाची करीत नाही. तुमच्याकडे दुसऱ्याचे काय आहे, असे तो विचारतो. म्हणजे रात्री येणारा विचार त्याच्या लेखी दारात उभा राहिलेला घेणेकरी आहे.

चरकाची वाट निराळी. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात निद्रेचे विवेचन आहे. मन थकते, इंद्रिये थकतात, ती आपापल्या विषयांपासून परत फिरतात आणि मग माणूस झोपतो, असे त्याचे मोठे सुंदर वर्णन चरकाने केले आहे. याच अध्यायात अतिझोपेवरच्या उपायांची एक यादी येते : वमन, विरेचन, भय, चिंता, क्रोध, धूम, व्यायाम, रक्तमोक्षण, उपवास, गैरसोयीची शय्या, मनाचे सत्त्वप्रधान औदार्य आणि तमावर मिळवलेला जय. ही यादी संपताच ग्रंथकार सांगतो की निद्रानाशाची कारणेही हीच समजावीत, आणि त्यांत काम, काळ, रोग, प्रकृती आणि वायू यांची भर घालतो. एकाचे औषध ते दुसऱ्याचे दुखणे! पण याहून विलक्षण गोष्ट अशी की चिंता आणि सत्त्वौदार्य एकाच ओळीत बसली आहेत. लोभाने जळणारा आणि तमोगुण जिंकलेला, दोघेही जागेच. अर्जुनाला ‘गुडाकेश’ म्हणजे निद्रेचा स्वामी म्हणण्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही आणि धृतराष्ट्राच्या जागरणाची मात्र कीव येते. जागेपण दोघांचेही आहे. ते कोणी कोणावर चालवले, एवढाच प्रश्न.

मराठीने हा भेद शब्दांत जपला आहे. देवीचा जागर असतो, खंडोबाचे जागरण असते, कोजागिरीला लक्ष्मी ‘कोण जागे आहे’ असे विचारीत फिरते, गावाला जागल्या असतो. या साऱ्या जागेपणाला मान आहे, कारण ते पत्करलेले आहे. याउलट जे अंगावर येते त्याला तळमळ, तगमग, काहूर असे शब्द आहेत. तळमळीसाठी संतांनी वारंवार वापरलेली प्रतिमा पाण्याबाहेर पडलेल्या मासळीची. मासळी तडफडते ती शरीरात काही बिघडले म्हणून नाही. जिथे असायला हवी तिथे ती नाही म्हणून. ही प्रतिमा विदुराच्या बाजूची आहे, वैद्याच्या नव्हे.

मासळीचा विषय निघालाच आहे तर थोडे किनाऱ्याकडे वळू. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, उरण-रेवसपासून अलिबाग, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरपर्यंत, पिढ्यान्‌पिढ्या रात्रीचे गणित सूर्यापेक्षा चंद्राने मांडले आहे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. होडी लोटायची ती पाण्याच्या सोयीने, त्यामुळे कोळ्याची झोपही पंधरवडाभर सरकत राहते. कधी ती तिन्हीसांजेची असते, कधी पहाटेनंतरची. सलग आठ तास झोप हे जे आज आपण निसर्गाचे माप समजतो ते फार जुने नसावे, असे इतिहासकार रॉजर एकिर्च यांनी २००१ सालच्या आपल्या निबंधात आणि पुढे २००५ सालच्या ग्रंथात साधार मांडले. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या युरोपात लोक ‘पहिली झोप’ आणि ‘दुसरी झोप’ असे शब्द वापरीत, मध्ये तासभर जागे राहात, प्रार्थना करीत, गप्पा मारीत, पडल्या पडल्या विचार करीत. मध्यरात्री जाग येणे म्हणजे रोग, ही समजूत नंतरची. या मांडणीवर पुढे वाद झाले, सर्व मानवजातीला ती लागू करता येणार नाही हेही दाखवले गेले. पण आपल्या कोळीवाड्यांना ती सांगायला कोणी लंडनहून यायला नको होते. असो.

मुद्दा असा की जागे असणे वेगळे आणि विचारांनी जागे ठेवणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीच्या इतिहासासाठी रायगडच्या किनारपट्टीने दोन माणसे दिली आहेत. एक दक्षिण टोकाचा, सावित्री नदीच्या काठचा. दुसरा उत्तरेकडचा, पेण तालुक्यातला. दोघांच्या मध्ये शतकाहून अधिक अंतर आहे आणि स्वभावात तर जमीनअस्मानाचे.

सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, महाडवरून येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. मुखाच्या उत्तरेस हरिहरेश्वर, त्याच्या पुढे श्रीवर्धन; दक्षिणेस बाणकोट आणि त्याच्या जवळ वेळास. वेळास आज रत्नागिरी जिल्ह्यात मोडते, पण अठराव्या शतकात ही जिल्ह्यांची रेघ नव्हती. खाडी ओलांडली की झाले. श्रीवर्धनचे देशमुख भट आणि वेळासचे भानू यांचा घरोबा याच खाडीवरचा. जंजिऱ्याच्या सिद्दीचा रोष झाल्यावर बाळाजी विश्वनाथ भट वेळासला भानूंकडे आले, भानूबंधू त्यांच्याबरोबर घाटावर गेले आणि पुढे एका घराकडे पेशवाई तर दुसऱ्याकडे फडणिशी आली, ही हकिकत परंपरेने सांगितली जाते. भानूंच्या त्या घरात १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास बाळाजी जनार्दन जन्मले. तेच नाना फडणीस.

नानांचे नाव काढले की आपल्याला मुत्सद्दी आठवतो, साडेतीन शहाण्यांपैकी अर्धा शहाणा आठवतो, ‘घाशीराम कोतवाल’ आठवते. त्यांनी तरुणपणी लिहिलेले छोटेसे आत्मवृत्त मात्र फार थोड्यांनी वाचलेले असते. मराठी गद्यातल्या अगदी आरंभीच्या आत्मनिवेदनांपैकी हे एक. जॉन ब्रिग्जने त्याचे इंग्रजी भाषांतर करून ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच युरोपच्या अभ्यासकांपुढे ठेवले. पानिपतच्या रणातून जीव वाचवून केलेल्या पलायनाचे वर्णन त्यात आहे, म्हणून इतिहासकार त्याकडे वळतात. त्या वेळी नाना एकोणीस वर्षांचेही नव्हते. आईला तीर्थयात्रा घडावी म्हणून ते सैन्याबरोबर उत्तरेत गेले होते आणि त्या धामधुमीत आईची ताटातूट झाली ती कायमची.

साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र त्याच्या आधीचा भाग अधिक गुंतवतो. हा मुलगा लहानपणी देवांच्या मूर्ती करून पूजेचे खेळ खेळणारा. वयात येता येता तो पूजेला बसतो आणि मन पूजेत राहात नाही. वासना उसळतात, नको ते विचार येतात, पश्चात्ताप होतो, पुन्हा तेच. हे सगळे तो कोणताही आडपडदा न ठेवता नोंदवतो. अठराव्या शतकातला, दरबारी वळणात वाढलेला एक ब्राह्मण तरुण स्वतःच्या मनाच्या बेबंदपणाची अशी रोखठोक नोंद करतो, ही गोष्ट मला पानिपतच्या वर्णनाइतकीच महत्त्वाची वाटते. ही नोंद करण्याची सवयच त्याचा पेशा ठरली, असे म्हणण्याचा मोह होतो. फडणीस म्हणजे दौलतीचा हिशेब लिहिणारा. जमा, खर्च, येणे, देणे, कोणाचे पत्र आले, कोणाला उत्तर गेले नाही, हे सारे ज्याच्या लेखणीखालून जाते तो. मेणवलीच्या वाड्यातून मिळालेले त्यांचे दप्तर पाहिले तर एका माणसाच्या ध्यानी किती गोष्टी राहात असतील याची कल्पना येते. आत्मवृत्त मात्र तारुण्याशीच थांबते. मनाची जमाखर्चाची वही मिटली आणि राज्याची उघडली.

या दुसऱ्या वहीतले सर्वात दाट पान कोकणातच लिहिले गेले. २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव वारले आणि वारशाचा प्रश्न उभा राहिला. रघुनाथरावांचा मुलगा गादीवर यावा हे नानांना नको होते. मग नाइलाजाने बाजीरावाशी समेट झाला, तोवर दौलतराव शिंदे आणि त्यांचे कारभारी बाळोबा तात्या पुण्यावर चालून आले. परशुरामभाऊ पटवर्धन, कालपर्यंतचे स्नेही, बाळोबांना मिळाले. १७९६ च्या मे महिन्यात बाजीरावाला बाजूला सारून त्याचा धाकटा भाऊ चिमाजी अप्पा याच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे घालण्यात आली. नाना साताऱ्याहून वाईला आणि वाईहून घाट उतरून महाडला आले. चौपन्न वर्षांचा माणूस. ज्या नदीच्या मुखाशी पूर्वजांचे गाव, तिच्याच वरच्या अंगाला आश्रयाला आलेला.

महाडचे कारस्थान म्हणून इतिहासात प्रसिद्ध असलेले प्रकरण ते हेच. रायगडची शिबंदी वाढवून बंदोबस्त केला गेला. त्यानंतर एका मुक्कामाहून नानांनी किती दोऱ्या एकाच वेळी धरल्या होत्या पाहा. दौलतरावाला त्याच्याच कारभाऱ्यापासून फोडायचे, त्यासाठी अहमदनगरचा किल्ला आणि दहा लाखांचा मुलूख कबूल करायचा, सखाराम घाटग्याला मध्ये घालायचे. तुकोजी होळकरांना वळवायचे. नागपूरकर भोसल्यांना आपल्याकडे घ्यायचे. कोल्हापूरकरांना परशुरामभाऊंच्या मुलखावर सोडायचे. आदल्या वर्षी खर्ड्याच्या लढाईत ज्याला नमवले त्या निजामाशी तह करून जिंकलेले परत द्यायचे. महाडचा तो तह ऑक्टोबर १७९६ मधला. आणि ज्या बाजीरावाला गादी मिळू नये म्हणून इतका खटाटोप केला त्यालाच आता गादी मिळावी म्हणून हे सर्व! ऑक्टोबर संपण्यापूर्वी दौलतरावाने बाळोबांना कैद केले, परशुरामभाऊ पळाले आणि पकडले गेले, डिसेंबरात बाजीराव पेशवा झाला आणि नाना पुन्हा कारभारी.

राजकीय पत्रव्यवहार झोपेविषयी बोलत नसतो. महाडच्या मुक्कामातल्या नानांना रात्री तळमळणारा नायक करून कादंबरीतले एखादे प्रकरण सहज भरता येईल. ते काम कादंबरीकारांचे. पण या प्रकरणाचा जो आकार आहे, तो ज्यांना रात्री विचार छळतात त्यांच्या ओळखीचा आहे. एका शक्यतेतून दुसरी फुटते, प्रत्येकीवर तोड हवी, प्रत्येक तोडीतून नवी भीती. शत्रूचा मित्र, मित्राचा शत्रू, त्याला काय द्यावे, तो फिरला तर काय. फरक इतकाच की अंथरुणातल्या माणसाची ही सेना सकाळी विरून जाते आणि नानांची कागदावर उतरून जासुदाच्या पिशवीतून घाट चढत असे. विचाराला जाण्यासाठी वाट होती. म्हणून महाडचा मुक्काम मला प्रजागराचा वाटत नाही; तो जागर आहे, गुडाकेशाच्या जातीचा, मग त्यामागचा हेतू कोणाला किती का धर्म्य वाटो न वाटो.

याच महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत दासबोध लिहिला गेला अशी समर्थ संप्रदायाची श्रद्धा आहे. त्यात एक अख्खा समास निद्रेवर आहे आणि तो आहे झोपणाऱ्यांवर! कथाकीर्तनात बसलेले श्रोते जांभया देतात, पेंगतात, आडवे होतात, घोरतात, बरळतात, याचे समर्थांनी केलेले वर्णन इतके हुबेहूब आहे की ते वाचताना कोणाही प्राध्यापकाला दुपारचा तास आठवावा. झोप न येणाऱ्यावर मात्र समर्थ समास खर्ची घालीत नाहीत. जागा असलेला माणूस त्यांच्या दृष्टीने कामाचा.

महाडला येऊन नानांना शांतता मिळाली असती का? जागा बदलली की मन निवते ही समजूत फार जुनी आहे आणि आज तिच्यावर अलिबाग, नागाव, काशीदची अर्धी बाजारपेठ उभी आहे. शनिवारी मुंबईहून निघालेला माणूस लाटांच्या आवाजात झोप लागेल म्हणून खोली घेतो. अलिबागलाच या समजुतीचे एक शास्त्रीय रूप सव्वाशे वर्षांपूर्वीपासून उभे आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची अखंड नोंद होत असे. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या प्रवाहाने नाजूक चुंबकसूच्या भलतेच काहीतरी नोंदवू लागतील हे ओळखून डॉ. मूस यांनी पर्यायी जागा शोधली आणि १९०४ मध्ये अलिबागची चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. इमारतीत चुंबकाला बाध आणील असे लोखंड वापरायचे नाही असा दंडक. या शास्त्रात दिवसांचे ‘शांत दिवस’ आणि ‘क्षुब्ध दिवस’ असे वर्ग पाडतात, हे कळल्यावर साहित्याच्या माणसाचे कान टवकारल्यावाचून राहात नाहीत. वेधशाळेचे स्थलांतर यशस्वी झाले, कारण गोंगाट बाहेरून येत होता. नानांचा गोंगाट त्यांच्याबरोबर घाट उतरला. शनिवारच्या पाहुण्याचाही बोटीत त्याच्या शेजारीच बसून येतो.

हा आतला गोंगाट अंथरुणावर पडल्यावरच का उसळतो, याविषयी गेल्या काही दशकांत मानसशास्त्राने बरेच काही सांगितले आहे. ॲलिसन हार्वी यांनी २००२ साली मांडलेली मीमांसा थोडक्यात अशी : पडल्यावर चिंता येते, चिंतेने शरीर सावध होते, सावध झालेले शरीर धोका शोधू लागते आणि अंधाऱ्या खोलीत धोका म्हणून सापडतात ते घड्याळाचे काटे आणि स्वतःच्याच छातीची धडधड. मग ‘झोप आली नाही तर उद्या कसे होईल’ हाच मूळ चिंतेपेक्षा मोठा विचार होऊन बसतो. त्याला हाकलावे तर तेही साधत नाही. डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ मधल्या प्रयोगात माणसांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले तर अस्वलच पुन्हा पुन्हा येत राहिले. आपल्याकडे औषध घेताना माकडाची आठवण काढू नये अशी अट घालणाऱ्या वैद्याची जी गोष्ट सांगतात, तिच्यात हे अस्वल केव्हाच येऊन गेले आहे. २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या वर्गीकरणात निद्रानाशाला स्वतंत्र विकाराचा दर्जा दिला. आठवड्यात किमान तीन रात्री, किमान तीन महिने, अशी त्याची मोजणी आहे. दुसऱ्या कशाचे तरी लक्षण म्हणून त्याला दुय्यम ठरवणे तेव्हापासून सुटले. रुग्णाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. ‘तुमच्या मनातच काहीतरी आहे’ असे ऐकून घरी परत येण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. औषधावाचून, सवयी आणि विचारपद्धती बदलून होणारे उपचारही आहेत आणि ते गुणकारी आहेत. पण विदुराचा प्रश्न या वर्गीकरणात कोठे बसवायचा, हे समजत नाही. तीन महिने झोप न येणाऱ्याला ‘तुझ्याकडे दुसऱ्याचे काय आहे’ असे विचारणे क्रूर ठरेल. बहुतेक तळमळणाऱ्यांकडे दुसऱ्याचे काहीच नसते, उलट त्यांचेच काहीतरी दुसऱ्याकडे राहिलेले असते. तरीही हा प्रश्न कोणीच कधीच विचारायचा नाही असे ठरले तर धृतराष्ट्राला एक गोळी मिळेल आणि पांडवांना पाच गावेही मिळणार नाहीत.

या संदर्भात एक साधा प्रयोग मला बोलका वाटतो. अमेरिकेत बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तावन्न तरुणांना प्रयोगशाळेत झोपवले आणि निजण्यापूर्वी पाच मिनिटे लिहायला लावले. निम्म्यांनी येत्या दिवसांत करायची कामे लिहिली, निम्म्यांनी पुरी झालेली कामे. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की बाकी राहिलेली कामे लिहिणारे सरासरी सुमारे नऊ मिनिटे लवकर झोपले. आणि ज्याची यादी जितकी तपशीलवार तितकी त्याला झोप लवकर. झाल्याचा अभिमान झोप आणीत नाही, उरल्याची नोंद आणते. फडणिशीचे तत्त्व याहून वेगळे काय आहे? सत्तावन्न ही संख्या लहान आहे, तिच्यावर मोठा डोलारा रचू नये. पण येणे कागदावर चढले की घेणेकरी दारातून घटकाभर उठतो, एवढे तरी यातून दिसते.

आता दुसरा माणूस. पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे जन्मले. बालपणीची काही वर्षे त्यांनी तिथे आजोबा शंभुराव यांच्या सहवासात काढली. आजोबा चांद्रायण व्रत करीत. चंद्राच्या कलांबरोबर घास वाढवायचे आणि कमी करायचे असे ते व्रत आहे आणि त्यात चंद्रोदयाची पूजा असते. चंद्र उगवायची वेळ भरतीसारखीच रोज पुढे सरकणारी, त्यामुळे पूजा कधी ऐन मध्यरात्री येई. अशा वेळी झोपलेल्या विन्याला उठवले जाई. पेंगत पेंगत तो बसे, हातावर प्रसाद पडे, तो खाऊन पुन्हा झोपी जाई. विनोबांनी ही आठवण मोठ्या प्रेमाने सांगितली आहे. मध्यरात्रीच्या जागेपणाशी त्यांचा झालेला हा पहिला परिचय भीतीचा नव्हता.

पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने केली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. सहाव्या अध्यायावर बोलताना ते चित्ताच्या एकाग्रतेचा विचार करतात आणि आठव्यावर बोलताना अंतकाळीच्या स्मरणाचा. शेवटच्या क्षणी जो विचार तो पुढे फळतो, म्हणून रोजच्या जगण्यातच संस्कारांची निवड करावी, असा त्यांचा रोख आहे. रोजची झोप हे त्या मोठ्या प्रयाणाचे लहान रूप आहे, असे धरले तर अंथरुणावरचा शेवटचा विचार ही क्षुल्लक बाब राहात नाही. अशा माणसाचे मन नेहमीच निवांत असणार, असे कोणालाही वाटेल. तसे नव्हते.

१९३८ साली विनोबांची प्रकृती पार ढासळली. वजन अठ्ठ्याऐंशी पौंडांवर आले. गांधीजींच्या कानावर गेले, त्यांनी बोलावून घेतले. माझ्याजवळ येऊन राहा, मी शुश्रूषा करीन, असे ते म्हणाले. तुमच्या पन्नास कामांतले ते एक आणि त्यातही रुग्ण अनेक, मला काय मिळणार, असे विनोबांचे उत्तर. डॉक्टरांकडे जा, नाहीतर थंड हवेच्या ठिकाणी जा, अशी बोलणी झाली. अखेर वर्ध्याजवळ पवनारला जमनालाल बजाजांचा बंगला रिकामा होता तिथे जायचे ठरले. गांधीजींनी अट घातली : आश्रमाचे, कामाचे सगळे विचार इथेच ठेवून जायचे. ७ मार्च १९३८ रोजी विनोबा मोटारीने निघाले. पवनारला धाम नदी लागते. पुलावरून जाताना त्यांनी ‘मी सोडले’ या अर्थाचे संन्यासाचे वचन तीनदा उच्चारले आणि त्या क्षणापासून मन रिकामे ठेवले. मग थोडेसे खणायचे, पहिल्या दिवसांत जेमतेम पाच मिनिटे, पुढे वाढवीत न्यायचे. खायचे, फिरायचे, पडून राहायचे. दहा महिन्यांत वजन एकशे अठ्ठावीस पौंड झाले. खणताना एक प्राचीन शिल्प सापडले, त्यात विनोबांनी राम आणि भरताची भेट पाहिली.

ही हकिकत झोपेच्या उपचाराची नव्हे, क्षीण झालेल्या देहाची आहे, हे खरे. पण गांधीजींचे निदान विचारांचे होते आणि विनोबांनी औषधही विचारांवरच केले. वेग्नरच्या अस्वलाला ते कसे चुकवू शकले, हा प्रश्न उरतोच. मला वाटते, ‘विचार करायचा नाही’ असे त्यांनी मनाला बजावलेच नाही. बजावण्यात मालकी शिल्लक असते. त्यांनी मालकी सोडली. आश्रम आता दुसऱ्यांचा, काम दुसऱ्यांचे, चिंताही ज्याची त्याला. पुलाच्या अलीकडे जे ठेवले त्यावर आपला हक्क उरला नाही, म्हणून त्याचा जाचही नाही. सावित्रीकाठच्या फडणिसाने एकही दोरी हातची सुटू दिली नाही, गागोद्याच्या भाव्यांनी सगळ्या एकदम सोडल्या. आणि दोघांच्याही बाबतीत विचार जिथे जायला हवा तिथे पोचता झाला, एकाचा कागदावरून, दुसऱ्याचा पुलावरून.

धृतराष्ट्राचे काय झाले? त्याने रात्रभर ऐकले. विदुरानंतर सनत्सुजात आले, त्यांनी मृत्यूच नाही असे सांगितले, तेही राजाने ऐकले. त्याने काहीच नाकारले नाही. तू म्हणतोस ते पटते, माझे मन पांडवांकडेच झुकते, पण दुर्योधन समोर आला की ते पुन्हा फिरते, असे तो विदुराजवळ स्वतःच कबूल करतो. जगातल्या कोणत्याही निद्राहीन माणसाला मिळाला नसेल असा श्रोता आणि असा वक्ता त्याला एका रात्रीत मिळाला, विचार बोलून झाले, ऐकून झाले, आणि परत द्यायचे ते राज्य होते तिथेच राहिले. पहाट झाली तेव्हा राजे लोक संजयाचा निरोप ऐकायला सभेत जमू लागले.

विनोबांचे सोडणे हे पळणे होते की नाही, याचा निवाडा पवनारच्या पुढच्या दिवसांवरून करता येतो. रिकाम्या झालेल्या त्या जागेत नवे काम आले आणि ते त्यांनी नाकारले नाही. वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिला माणूस म्हणून गांधीजींनी त्यांना निवडले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी त्याच पवनारला त्यांनी युद्धविरोधी भाषण केले आणि चार दिवसांनी, २१ तारखेला, देवळी येथे त्यांना अटक झाली.